मामाचं हृदय नेमकं कुठे अडतंय

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. तू आता हृदयाच्या विभागात लागलीस हे वाचून छाती फुगली. आपल्या घराण्यात लोकांचं काळीज जाळणारे पुष्कळ झाले, दुरुस्त करणारी तू पहिलीच.

फोन का करत नाहीस म्हणतेस. अगं, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझी मामी बाजूला उभी राहून ओरडून सांगते, तेही स्वतःची भर घालून. इतकी वर्षं शिकाऊ लोकांचे हॉर्न ऐकून कानाचं हेच व्हायचं. त्यापेक्षा पत्र बरं, मध्ये कुणी बोलत नाही.

ड्रायव्हिंग स्कूल झकास चाललंय. सध्या गणिताच्या एक निवृत्त बाई शिकायला येतात. वळण आलं की आधी मनात आकडेमोड करतात. उत्तर येईतो वळण मागे पडलेलं असतं. मग मलाच म्हणतात, "तुम्ही आधी सांगत नाही!" मी म्हणतो, "बाई, रस्ता पेपरफुटीसारखा आधी मिळत नाही."

बाकी मी ठणठणीत. थोडं पोट सुटलंय, पण या वयात ते सुटायचंच.

तुझा,
मामा

ता. क. टिल्लू, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या ओळी. हे मुळीच ठणठणीत नाहीत. पोट सुटलेलं नाही, फुगलंय. हात आणि खांदे काठीसारखे झालेत. संध्याकाळी पाय बुटात शिरत नाहीत आणि मोज्याच्या रबराचा वळ सकाळपर्यंत तसाच राहतो. जिना चढताना मध्येच थांबतात आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघितल्यासारखं करतात. त्या खिडकीसमोर नुसती भिंत आहे. — मामी


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मामीने चहाडी केली म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. पेटीत टाकायला तूच तिच्या हातात दिलंस, यात तुझीच चूक.

आता नीट सांग. आधी पोट फुगलं की आधी पाय सुजले? रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का? आरशासमोर बसून मान जरा वळवून बघ, मानेवरची शीर ठळक दिसते का? आणि हे सगळं मला लिहून झालं की तिथल्या डॉक्टरांकडे जा. खरं तर आधी तिकडे जा, मग मला लिही.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. मीही अजून कुणी रिपोर्ट हातात दिला की आधी मनात आकडेमोड करते.

तुझी,
टिल्लू


३ मार्च

प्रिय टिल्लू,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकतोय, म्हणजे खाली कुणाची पुरवणी जोडली जाणार नाही.

डॉक्टरांकडे गेलो. पोट बघून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "रोज किती पेले घेता?" मी म्हटलं, "चहाचे?" ते हसले नाहीत. त्यांना वाटलं, यकृत गेलं. ज्या माणसाने लग्नातसुद्धा सरबतावर भागवलं, त्याच्या नशिबी हा आळ! तपासण्या झाल्या, यकृत सुजलेलं होतं पण मूळ दुखणं तिथलं नाही म्हणाले, आणि मला मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

ते डॉक्टर भला माणूस. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुमचं हृदय आकुंचन पावतं छान, पण सैल पडत नाही. त्याचं मांसच ताठर झालंय. त्यामुळे त्यात पुरेसं रक्त भरत नाही आणि मागे तुंबतं. पोटात, पायात, यकृतात." मी विचारलं, "उपाय?" ते म्हणाले, "पाणी उतरायच्या गोळ्या देतो. मूळ आजारावर फार काही करता येत नाही."

"फार काही नाही" म्हणजे तुमच्या भाषेत किती, ते तू मला सांग. मला नवशिक्यांना "जमेल, जमेल" म्हणायची सवय आहे, त्यामुळे दुसरा कुणी तसं बोलला की लगेच कळतं.

आणखी एक. मी शिकवणं थांबवलं. परवा एक पोरगी चौकात गोंधळली आणि तिने गाडी थेट एका सायकलवाल्यावर घातली. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, तुला माहितीच आहे. पण सुजलेला पाय उचलायला वेळ लागला. गाडी थांबली, सायकलवाल्याला खरचटलंही नाही, उलट तोच मला "काका, बरं वाटत नाहीये का?" म्हणाला. त्याच दिवशी मी स्कूलच्या दाराला कुलूप घातलं. गाडी विकायला काढलीय.

मामीला मी एवढंच सांगितलंय की गोळ्या सुरू आहेत, फरक पडेल. तूही तेवढंच सांग. रिपोर्ट सोबत पाठवतोय.

मामा


१० मार्च

प्रिय मामा,

रिपोर्ट मी आधी एकटीने वाचले, मग आमच्या विभागाच्या मॅडमना दाखवले. तुला खरं हवंय, तर खरंच लिहिते.

हृदय नीट न भरण्याची दोन दुखणी आहेत आणि बाहेरून ती जुळ्या भावांसारखी दिसतात. तेच पोट, त्याच मानेच्या शिरा, तीच धाप. पहिल्यात हृदयाचं मांस स्वतःच ताठर होतं. तुला ते झालंय असं डॉक्टर म्हणतात. दुसऱ्यात मांस चांगलं असतं, पण हृदयाभोवती जी पातळ पिशवी असते ती जाड आणि कडक होते. आतलं हृदय फुलू बघतं आणि ती पिशवी त्याला फुलू देत नाही.

पहिल्यावर आमच्याकडे खरोखर फार काही नाही. दुसऱ्यात ती पिशवी कापून काढता येते.

तिथल्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. या दोघांत भल्याभल्यांची फसगत होते. मॅडम म्हणाल्या, "नुसत्या या कागदांवरून मीही तेच म्हटलं असतं. पण एकदा विचारून तर घे." म्हणून विचारते. छातीवर कधी किरणांचे उपचार झाले होते का? छातीला मोठा मार? कधी लांबलेला ताप? लहानपणी किंवा तरुणपणी क्षय? विनोद न करता, आठवून लिही.

आणि मामीपासून लपवायला मला सांगू नकोस. मी तिला खोटं सांगणार नाही, फक्त तिने विचारेपर्यंत गप्प बसेन.

टिल्लू


१८ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर नाही. किरण नाहीत, मार नाही. आणि क्षय? आपल्या घरात कुणालाच नव्हता. तुझी आजी चारचौघांत ठासून सांगायची, आमच्या घरात सगळे धडधाकट, फक्त हा धाकटा जरा नाजूक.

मी दिवसभर खिडकीत बसून असतो. ही खिडकी रस्त्यावरची आहे, जिन्यातल्यासारखी भिंतीसमोरची नव्हे. काही काम नाही म्हणून जुन्या गोष्टी आठवतात. तू एकदा विचारलं होतंस ना, की मामा, तुला गाड्यांचं वेड कुठून लागलं? तर ऐक.

सतराव्या वर्षी मला माझ्या आत्याकडे ठेवलं होतं. हवापालट म्हणून. तिचं घर एका गॅरेजच्या वर होतं. खाली दिवसभर ट्रक यायचे, आणि त्या अरुंद बोळातून ते उलटे बाहेर काढायचे म्हणजे खेळ नव्हता. मी पलंगावर पालथा पडून खिडकीतून बघायचो. कुणाचा ट्रक एका दमात निघणार आणि कुणाचा खांबाला घासणार हे मला चाक वळल्याबरोबर कळायचं. एक बुटका ड्रायव्हर होता, तो आरशात न बघता माझ्याकडे वर बघायचा. मी हाताने खुणा करायचो, थोडं डावीकडे, बस, थांब. माझा पहिला शिष्य तोच.

शाळेचं ते अख्खं वर्ष बुडालं पण मला जरा वाईट वाटलं नाही. फक्त आत्या सकाळी उपाशीपोटी एक लाल कॅप्सूल गिळायला लावायची, ते नको वाटायचं. त्याने लघवी अगदी नारिंगी व्हायची. पहिल्यांदा मी इतका घाबरलो की आत्याला हाका मारून मारून बोलावलं. ती म्हणाली, "गाजरं खाल्लीस असं समज आणि झोप." आत्याकडे जायच्या आधी छातीत पाणी झालं म्हणून एकदा सुई घालून काढलंही होतं. इथे मधोमध, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली. ते दुखलं होतं खरं. पण महिनाभरात मी गॅरेजचा जिना चढउतार करायला लागलो, आणि तिथून सुटलो तो थेट स्टिअरिंगवरच बसलो.

असो. टिल्लू, तू माझ्यासाठी धडपडतेस ते कळतं मला. पण उगाच आशा लावू नकोस. मी मनाची तयारी केलीय. ती करायला फार कष्ट पडले. आता मोडायला लावू नकोस.

मामा


२४ मार्च

प्रिय मामा आणि प्रिय मामी,

दोघांना मिळून लिहितेय, आणि हे पत्र मोठ्याने वाचा.

मामा, तुझ्या गॅरेजच्या गोष्टीचं पान मी मॅडमना वाचून दाखवलं. लाल कॅप्सूल आली तशा त्या हातातला पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. सुई आली तेव्हा म्हणाल्या, "थांब. कुठे म्हणतोय तो? परत वाच."

मामा, नारिंगी लघवी करणारी ती कॅप्सूल क्षयाची असते. आणि बरगड्यांच्या खाली मधोमध सुई घालतात ती हृदयाभोवतीचं पाणी काढायला. तुला क्षयच झाला होता, आणि तोही हृदयाच्या पिशवीला. आजीने तुला "नाजूक" म्हणून वाढवलं, कारण तेव्हा त्या आजाराचं नाव घेतलं की लोक घरी यायचे बंद व्हायचे. तू बरा झालास. पण ती पिशवी आतल्या आत वर्षानुवर्षं कडक होत गेली असू शकते. असू शकते म्हणतेय, आहे म्हणत नाही. ते तपासून बघायला हवं.

तुझी तयारी मोडतेय, मला माफ कर. इकडे या. दोघंही. माझ्या खोलीत पलंग एकच आहे, तो तुमचा.

मॅडम म्हणाल्या, "विचारल्यावर नाही म्हणणारे पेशंट पुष्कळ बघितले. नाही म्हणून पुढे दोन पानं सगळं सांगणारा पहिलाच."

टिल्लू


२९ मार्च

टिल्लू,

मामी लिहितेय. पत्र मोठ्याने वाचलं. "तयारी" शब्दाशी हे अडखळले आणि मग पुढचं मी वाचलं.

तुझ्या मामाला वाटत होतं, मला काही माहीत नाही. अगं, ते दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि सरळ त्या डॉक्टरांपुढे जाऊन बसले. त्यांनी मलाही खुर्ची ओढून सगळं सांगितलं. मी घरी आले, हे म्हणाले "भाजी कुठंय?", मी म्हटलं "चांगली नव्हती." तेव्हापासून हे माझ्यासमोर बरं असल्याचं दाखवतात आणि मी त्यांच्यासमोर काही माहीत नसल्याचं. एवढ्याशा दोन खोल्यांत दोन माणसांचं असं नाटक, आणि बघायला कुणी नाही.

काल सगळं बोलून झालं. दोघंही रडलो. मग यांना भूक लागली.

आम्ही पुढच्या आठवड्यात येतो. तपासणी दुखते का ते त्यांना सांग. ऑपरेशनमध्ये माणूस जातो का ते मला सांग, पण समोर बसवून. पत्रात नको.

मामी


२ मे

प्रिय मामा,

घरी नीट पोचलात ना? तू इथून निघताना "विचार करून कळवतो" म्हणालास आणि बसमध्ये बसलास. बस सुटली, म्हणून आता लिहिते. मॅडमनी सांगितलं तेव्हा तू छताकडे बघत होतास, तर पुन्हा एकदा सांगते.

छातीचा एक्स-रे आजवर तुझा समोरून काढत होते. आम्ही बाजूने काढला. हृदयाच्या कडेने खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. तो चुना आहे, पिशवीत साठलेला. पण एवढ्याने भागत नाही, चुना असूनही मांस बिघडलेलं असू शकतं. म्हणून सोनोग्राफीत मांसाची स्वतःची हालचाल मोजली. मांस ताठर असतं तर ते आळसावलेलं दिसलं असतं. तुझं चपळ निघालं. शेवटी नळी घालून हृदयाच्या खालच्या दोन्ही कप्प्यांतला दाब बघितला. तू श्वास घेतलास की एकाचा वाढायचा आणि दुसऱ्याचा उतरायचा. दोन माणसं एका अरुंद बाकावर बसली आणि एक पसरला की दुसऱ्याला आकसावं लागतं, तसं. मांसाच्या आजारात दोन्ही बरोबरच वरखाली होतात. मॅडम पडद्याकडे बघत एकच शब्द बोलल्या: "आवरण." म्हणजे ती पिशवीच.

आता दुसरी बाजू. हे ऑपरेशन साधं नाही. शंभरात सहा-सात जण त्यातून उठत नाहीत. तुझं यकृत सुजलेलं आहे, तो आकडा तुझ्यासाठी थोडा वरही असेल. मी मामीला हे समोर बसवून सांगितलंय. जितका उशीर, तितकं अवघड. पण निर्णय तुझा. तू नाही म्हणालास तरी मी तुझीच टिल्लू.


११ मे

प्रिय टिल्लू,

गंमत बघ. काही उपाय नाही असं कळलं होतं तेव्हा मला झोप लागत होती. आता उपाय आहे तर डोळ्याला डोळा लागत नाही. मी भित्रा आहे हे मला या वयात कळलं. लोकांना घाटात गाडी घालायला लावताना मी शेजारी शीळ घालत बसायचो, पण तेव्हा पायाखाली ब्रेक होता.

मी तुला "नको" असंच कळवणार होतो. दोनदा तसं लिहून फाडलं.

काल सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि पोट मध्ये आलं, श्वास कोंडला. मामी खाली बसली आणि नाडी बांधू लागली. मला वरून तिचं डोकं दिसलं. सगळं पांढरं झालंय गं. कधी झालं? मी बघितलंच नव्हतं. गाठ बांधून झाल्यावर तिला उठताना गुडघा धरावा लागला, आणि मला हात द्यायला वाकता आलं नाही. दोघंही तसेच अवघडलेले, ती खाली, मी वर.

टिल्लू, असं रोज नाही जगायचं मला. तारीख ठरव.

एक विचारतो. ऑपरेशनच्या खोलीत तू असशील का?

मामा


१६ मे

प्रिय मामा,

नाही. नातेवाइकांना आत घेत नाहीत आणि घेतलं तरी माझा काडीचा उपयोग होणार नाही. तिथे ज्यांचे हात थरथरणार नाहीत अशीच माणसं हवीत. मी बाहेर मामीजवळ असेन.

तारीख घेतलीय. लवकर या, आधी पाणी उतरवायचंय.

टिल्लू


२० ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

अक्षर जरा वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे. घरी येऊन पंधरवडा झाला. पोट उतरलं, पाय उतरले, आणि पॅन्टही उतरतेय, ती सावरत हिंडतो. छातीची शिवण खोकताना दुखते. उशी छातीशी धरून खोकायचं असं नर्सने शिकवलंय, त्यामुळे घरात उशी काखेत मारून फिरणारा माणूस मी.

त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले आणि एवढ्यात तू म्हणालीस, "मामा, झालं." मधलं मामीला विचारतो, तर ती म्हणते, "झालं ना एकदाचं? मग कशाला?" तू सांग.

मामा


२७ ऑगस्ट

प्रिय मामा,

सांगते. सकाळी तुला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. दुपारी एक नर्स पळत बाहेर आली आणि रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन पळत आत गेली. मामी म्हणाली, "त्यांच्यासाठी?" मी म्हटलं, "माहीत नाही." मला माहीत होतं. आत त्या वेळी तुझी एकच केस चालली होती. मामीने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. डॉक्टर मी, आणि धीर ती देत होती.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. कपाळावर टोपीचा वळ, मान अवघडलेली. म्हणाले, "आवरण निघालं. काढताना हृदय एका ठिकाणी फाटलं होतं, ते शिवलं. मागच्या बाजूला फार चिकटलंय, तेवढं सोडून दिलं, तिथे लोभ करण्यात अर्थ नव्हता." मग निघता निघता थांबून मामीला म्हणाले, "पुढचा भाग सुटला आणि हृदय डोळ्यांदेखत फुललं. आम्ही सगळे क्षणभर बघतच राहिलो."

मामी "बरं" म्हणाली. एवढंच. ते गेल्यावर तिने मला विचारलं, "इथे हात धुवायला कुठंय?" आणि त्या छोट्या खोलीत जाऊन नळ सोडून ती बराच वेळ आत राहिली. मी दाराशी उभी होते. हे तिने तुला सांगितलं नसेल. आता तूही तिला विचारू नकोस.

टिल्लू


१४ ऑक्टोबर

टिल्लू बाळा,

मामी लिहितेय. मामा बाहेर गेलेत, पायी, आणि दार आपटून गेलेत. आमचं कडाक्याचं भांडण झालं.

झालं काय, मी कपाट जरा सरकवायला घेतलं होतं. हे आले आणि म्हणाले, "बाजूला हो, मी सरकवतो." मी म्हटलं, "हात लावाल तर खबरदार, डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलंय." हे म्हणाले, "उचलतोय कुठे, ढकलतोय." त्यावरून सुरू झालं. ते म्हणाले, मी त्यांना काचेचं भांडं समजते. मी म्हटलं, काचेचं भांडं निदान तोंड बंद ठेवतं. मग त्यांनी माझ्या भावाच्या लग्नातलं काहीतरी उकरून काढलं, मी त्यांच्या आत्याचं काढलं. आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. एका दमात बोलत होते गं, मध्ये कुठे थांबणं नाही, धाप नाही. मीही एक शब्द गिळला नाही.

हे गेले आणि घर एकदम शांत झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सात-आठ महिन्यांत मी या माणसाला एक शब्द टाकून बोलले नव्हते. मीठ कमी आहे म्हणाले तरी "देते हं" म्हणायचे. रागावणार कुणावर, आणि नंतर ते मनात राहिलं तर?

मी कपाटाला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले. वरच्या बाई धावत आल्या, म्हणाल्या, "अहो, नवरा-बायकोत होतंच असं, मनाला लावून घेऊ नका." त्यांना कसं सांगू?

जिन्यात पावलं वाजताहेत. दोन-दोन पायऱ्या चढताहेत, वेडा माणूस. पत्र इथेच थांबवते. मला अजून रागावलेलं दिसायचंय.

मामी